मुरमावर

प्रश्न पाचवीतल्या पोरीचा होता.
बुटाची नाडी दातांत धरून तिनं विचारलं,
मॅडम, तुम्ही त्या मोठ्या लीगमध्ये खेळल्या असत्या
तर टिकल्या असत्या का?

शिट्टी तोंडात होती म्हणून वाचले.
एक लांब फुंकली, म्हटलं,
पळ, दोन फेऱ्या.

जेल रोडच्या मागचं हे मैदान.
पलीकडे तुरुंगाची भिंत, अलीकडे पिठाची गिरणी,
मधे मुरूम.
दर सोमवारी दोरी आणि खिळा घेऊन
चुन्याची डी मीच आखते,
मंगळवारी म्हशी ती पुसून जातात.
बावीस वर्षं झाली.
कुठला खडा चेंडू कुठे उडवतो
हे मला बाराच्या पाढ्यासारखं पाठ आहे.

पोर पळत होती तेवढ्यात हिशेब मांडून पाहिला.
रिव्हर्स हिट अजून बसते,
वीस पावलांवरून विटेचा कोपरा उडतो.
नजर आहे.
डावा गुडघा पुण्याच्या एका सामन्यात राहिला,
निकाल कोणाच्या लक्षात नाही, मला आहे.
दम, आठ मिनिटं.
नवव्या मिनिटाला मी कमरेवर हात ठेवते
आणि पोरींवर ओरडते,
कमरेवर हात कुणी ठेवायचे नाहीत!

मे महिन्यात कुंदा भोये आली होती.
सुरगाण्याची. वसतिगृहात आली तेव्हा
स्टिक विळ्यासारखी धरायची,
गवत कापल्यासारखी मारायची.
आता तिच्या बॅगेवर तिचा नंबर छापलेला.
सांगत होती, तिथे सामन्याआधी
निळ्या टर्फवर पाणी मारतात.
पोरी म्हणाल्या, पिण्याचं?

मग म्हणाली, मॅडम, एकास एक. या.

पहिला चेंडू मी काढून घेतला.
गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला.
दुसराही घेतला.
कुंदा हसली. मग हसायची थांबली.
तिसऱ्यांदा ती खरी आली,
म्हणजे तिथे जशी येत असेल तशी,
आणि मला फक्त वारा लागला.
विटांमधून गेलेला चेंडू भिंतीवर आदळला,
आतून कुणीतरी शिट्टी मारली.

पहिले दोन कसे घेतले, सांगते.
उजवीकडे वळायच्या आधी ती डावा खांदा
बोटभर पाडते.
तिथे रात्र रात्र व्हिडिओ लावून बसणाऱ्यांना
हे कसं दिसलं नाही, नवलच.
मला दिसलं, कारण तो खांदा माझा आहे.
मी असाच पाडायचे.
मी शिकवला नव्हता, तिनं बघून बघून उचलला.

म्हणजे तिथे मीही खेळते तर.
बोटभर. आणि तेही चुकीचं.

रिक्षात बसताना सांगायला हवं होतं.
तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं,
जेवण वेळेवर घेत जा.

रात्री साडेदहाला फोन केला. सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.
मग ती म्हणाली,
तो मोडायला मला एक वर्ष लागलं, मॅडम.
पहिल्याच शिबिरात सापडला होता त्यांना.
आज दोनदा मुद्दाम पाडला.

मी म्हटलं, बरं.
ती म्हणाली, तिसऱ्याला नाही जमलं, सॉरी.
मी म्हटलं, झोप आता.
गॅसवरचं दूध उतू गेलं होतं,
तो ओटा मी अर्धा तास पुसत बसले.

दोन फेऱ्या संपवून पोर परत आली,
धापा टाकत, गालावर मुरूम.
प्रश्न तिनं सोडला नव्हता.

आठ मिनिटं, म्हटलं.
आठ मिनिटं टिकले असते.
ती म्हणाली, बस?

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.
स्टिक धर, म्हटलं, बघू.
आणि तिचा पडलेला डावा खांदा
दोन बोटांनी वर उचलला.